आबाच्या गुडघ्यातलं पाणी

डॉक्टरीणबाईंनी सुई हातात घेतली आणि येडबा टेबलावरून उठला. उठला म्हणजे काय, पळालाच! उजवा पाय ताठ, बगलेत काठी, पटका अर्धा सुटलेला, आणि हा माणूस लंगडत लंगडत जिंतूरच्या सरकारी दवाखान्याच्या दाराबाहेर. मागून त्याची लेक बानू "आबा, ओ आबा!" करत धावतेय. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

बसस्टँडजवळ, नामांतराच्या घोषणा चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपाशी तिनं बापाला गाठलं.

"कामून पळालाव आबा? सुईला भेलाव?"

"सुईला?" येडबा खवळला. "आगं, लांडग्याला भेलो न्हाई मी. ती बाई काय म्हनली ऐकलंस न्हाई का? गुडघ्यातलं पाणी काढते म्हनली. काढते! घालते न्हाई म्हनली."

"मंग?"

"मंग काय! गाडीच्या आखाला वंगण असतंय. हाय तेबी पुसून घेतलं तर चाक फिरंल का? बकऱ्याचा सांधा फोडल्यावर ते बुळबुळीत निघतंय, तेच हाय हे. थोडंफार उरलंय माज्या पायात. तेबी काढून घ्यायलीय ती बाई."

बानूला ते लागलं. वालूरच्या हायस्कुलात ती दहावीला होती. पंधरा ऑगस्टला कागद न बघता भाषण ठोकल्यापासून तिचा आवाज चढला होता तो खाली उतरलाच नव्हता. गुरुजींनी वर्गात काही विचारलं की बाकीच्या पोरी आधी बानूकडं बघायच्या. आणि इथं आपल्या बापाला एका गुडघ्याचं समजावता येत नाही!

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, चांगल्या गुडघ्यात चमचाभरबी नसतंय," तिनं जाता जाता एवढं तरी सांगून पाहिलं.

"त्यांनी कधी बकरं कापलंय का?" येडबा म्हणाला, आणि एसटीत चढायला कंडक्टरचा हात धरला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ओढ्यात घसरल्याचं निमित्त झालं होतं. गुडघा फुगला तो फुगलाच. येडबा काही घरी बसणारा गडी नव्हता. मेंढरांमागं दिवसाला सात-आठ कोस चालायचं, चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातायची, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. आता तो अंगणात बाजेवर बसून चाती फिरवायचा आणि मेंढरं माळावरच फिरवून आणायची मनकर्णाबाई, बानूची माय.

माळावर तेवढं निभत होतं. पण दिवाळी झाली की मेंढरं गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या अंगाला उतरवावी लागायची, पार पालमच्या पुढं. घोडीवर बिऱ्हाड, रोज नवं रान, शिमगा होईपर्यंत माघार नाही. एकट्या बाईचं ते काम नव्हतं. मनकर्णाबाई आणि दुसरं कुणीतरी, असं दोघं हवीत. आणि घरात दुसरं कुणीतरी म्हणजे बानू. दहावीची परीक्षा मार्चात. शिमगाही मार्चात.

हे घरात कुणी बोललं नव्हतं. पण परवा मायनं तिला हाक मारली होती, "बानू, हिकडं ये. घोडीवर वझं कसं बांधायचं ते बघून ठिव." बानूनं बघितलं. दोन्हीकडं सारखा भार, वर घोंगडं, मग दोरीचे तीन वेढे. गाठ मारताना मायनं तिच्याकडं पाहिलं नाही आणि तिनंही मायकडं पाहिलं नाही.

दवाखान्यातून पळून आल्याची बातमी वस्तीत पोचायला कितीसा वेळ! रातचं जेवण व्हायच्या आत लिंबाजी हजर. लिंबाजी हा येडबाचा चुलतभाऊ. वस्तीतली कापाकापी त्याच्याकडं, आणि लंगड्या जनावराला विळा तापवून डाग देण्याचं कामही त्याच्याकडंच. त्याच्या डागानं किती मेंढरं बरी झाली हे तो सांगायचा. किती झाली नाहीत हे मेंढरांना सांगता येत नव्हतं.

"दादा, तुमी लय चांगलं केलंत पळून आलात ते," तो बाजेच्या कडेला टेकत म्हणाला. "आता माजं ऐका. मंगळवारी म्हसोबाला कंदुरी करू. बकरं माज्याकडलं. निर्मळ, बिनखोडीचं. आन् त्याच जाळावर विळा लाल करून गुडघ्याला चार डाग देतो. देवाचं देवाला, पायाचं पायाला."

"मानसाला डाग?" बानू ओरडलीच.

"तू गप गं. चार बुकं वाचली की लागल्या बोलायला."

"चार न्हाई काका, सात हायेत दहावीला."

मनकर्णाबाईला हसू आलं, पण येडबा हसला नाही. तो सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवत होता. "दे डाग," तो म्हणाला. "दिवाळीच्या आत पाय लागला पायजे. मंगळवारी दे."

बानू त्या रात्री गप्प होती, म्हणजे डोकं चालू होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, चांगल्या सांध्यात चमचाभरही नसतं. आबा म्हणतो, त्यांनी बकरं कापलंय का. मग बकरंच सांगेल की! मंगळवारी देवासमोर धडधाकट बकरं कापणार, त्याचा गुडघा आबासमोर उघडायचा. वंगण किती आणि कसं, ते आबानं आपल्या डोळ्यांनी बघायचं. एवढं सरळ! ती अंधारात एकटीच हसली आणि मायनं विचारलं, "काय गं, काय झालं?"

मंगळवारी लिंबाजी बकरं घेऊन आला तो खांद्यावर टाकून. चारी पाय छातीशी धरलेले, बकरं मानेवर.

"आरं, चालवत आण की," येडबा म्हणाला.

"ह्या! देवाचं बकरं भुईला लावू नये दादा."

असा नियम येडबानं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. पण देवाच्या कामात वाद कोण घालणार?

म्हसोबा वस्तीबाहेर, बाभळीखाली. शेंदूर लावलेला दगड. या कंदुरीला बायका जवळ जात नसत. त्या लांब कडुलिंबाखाली बसत आणि गडीमाणसं कापत, शिजवत, वाढत. बानू मात्र पाण्याची घागर घेऊन थेट चुलवणापाशी आली आणि घागर ठेवून तिथंच उभी राहिली. बकरं कापून पाय सुटे केले होते. जाळात विळा खुपसलेला होता. त्याचं टोक आधीच तांबूस झालं होतं. ते बघूनही आवाज तिनं भाषणाचाच काढला.

"काका, पुढच्या पायाचा गुडघा मला फोडून दे."

"कशाला?"

"आबाला वंगण दावायचंय."

"पोरीनं हिथं उभं ऱ्हाऊ नये."

"दिलास की जाते."

येडबा बाजूला दगडावर पाय लांब करून बसला होता. "दे रं," तो म्हणाला. "बघू दे तिला. आपलंच म्हननं खरं हाय ते कळंल तरी."

लिंबाजीनं डावा पाय उचलला आणि सांध्यावर सुरी फिरवली. सांधा उघडला. आत हाडाची टोकं पांढरीशुभ्र, निळसर झाक असलेली, काचेसारखी गुळगुळीत. बानूला पुस्तकातला शब्द आठवला, कूर्चा. आणि त्या कूर्चेवर नुसती ओल. येडबानं बोट फिरवलं तेव्हा कुठं एक-दोन थेंब बोटावर आले.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच!" बानू म्हणाली. "चमचाभरबी न्हाई. म्हनल्या व्हत्या का न्हाई?"

येडबानं थेंब अंगठ्यात आणि बोटात धरून सवयीनं ओढून पाहिला. थेंबाची तार निघाली. बारीक, चकाकती, चांगली दोन बोटं लांब झाली तरी तुटेना. तीस वर्षं लोकर कातलेल्या माणसाचे डोळे बारीक झाले. "लय दम हाय ह्याच्यात," तो पुटपुटला. पण हार कसली मानतो! "बकरं बारीक. म्हनून कमी निघालं."

"मंग दुसरा बगू," बानू म्हणाली. "दोन्ही मिळून तरी चमचा भरतो का बगू."

"एक बघितला की झालं!" लिंबाजी एकदम म्हणाला आणि उजवा पाय पोत्याखाली सारला. "रस्सा व्हायचाय. उशीर व्हायलाय."

येडबा बकऱ्या-मेंढरांत जन्मला होता. त्यानं लिंबाजीच्या तोंडाकडं पाहिलं, मग पोत्याकडं.

"लिंबाजी, पाय आण."

"दादा, देवासमोर..."

"आण म्हनतो!"

लिंबाजीनं पाय आणला. हातात घ्यायच्या आधीच येडबाला कळलं. गुडघा लिंबाएवढा फुगलेला. आता कळलं बकरं खांद्यावरून का आलं ते! चालवत आणलं असतं तर दहा पावलांत लंगडलं असतं.

"निर्मळ बकरं व्हय रं?" येडबाचा आवाज चढला. "बिनखोडीचं? देवाला लंगडं दिलंस? आन् तेबी माज्या लंगड्या पायासाठी?"

"थोडं सुजलं व्हतं दादा. डाग दिला व्हता मी. म्हनलं उतरंल."

"डाग दिला व्हता?" बानूनं पाय उचलून फिरवला. बाहेरच्या अंगाला केस नसलेले तीन काळे पट्टे. "काका! तुज्या डागानं उतरलं न्हाई की मंग!"

बाजूची गडीमाणसं हसायला लागली. लिंबाजी जमिनीकडं बघत उभा.

येडबानं स्वतः सुरी घेतली. टोक लावायचा अवकाश, आतून पिवळसर पाणी भळकन त्याच्या मनगटावर आलं. चमचे कसले, छोटी वाटी भरली असती. त्यानं ते बोटात धरून ओढलं. तार निघाली नाही. पुन्हा ओढलं. थेंब पडला, बस. साधं पाणी. आणि आतलं पांढरं हाड एका जागी खरबरीत झालेलं, उंदरानं कुरतडल्यागत.

येडबा एकदा डाव्या पायाकडं बघे, एकदा उजव्या. मग स्वतःच्या गुडघ्याकडं.

"म्हंजे पाणी वाढतंय," तो हळू म्हणाला, "आन् वंगण पातळ व्हतंय. ताकात पाणी घातल्यावानी."

"आसंच आसंल आबा," बानू म्हणाली. आता तिचा आवाज भाषणाचा राहिला नव्हता. "मला सगळं म्हाईत न्हाई. पर डाग नका घेऊ. उद्या जिंतूरला चला."

"आन् देवाचं?" लिंबाजी चाचरत म्हणाला. "खोडीचं बकरं झालं. आता?"

कडुलिंबाखालून मनकर्णाबाई उठून आली होती. ती कधी आली हे कुणाला कळलंच नाही. "देवानंच दावलं की!" ती ठसक्यात म्हणाली. "चांगलं बकरं आणलं आसतंस तर ह्यांना कळलं आसतं का? काढा तो विळा जाळातून."

विळा लिंबाजीनंच काढला.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यापर्यंत येडबाला कुणी नेलं? लिंबाजीनं! पाठकुळी घेऊन. "भाऊ भुईला लावू नये का रं?" म्हणून वस्तीतली पोरंसोरं ओरडत होती आणि लिंबाजी मान खाली घालून चालत होता.

डॉक्टरीणबाईंनी येडबाला बघितलं आणि आधी दार लावून घेतलं.

"आज पळायचं नाही, आबा."

"न्हाई पळत. काढा."

"कसं काय मन बदललं?"

"बकऱ्यानं सांगितलं," येडबा म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी बानूकडं पाहिलं. बानूनं एका दमात सगळं सांगितलं, पोत्याखालच्या पायासकट. बाई हसता हसता गंभीर झाल्या.

"एक सांगते, घाबरू नका. महिना होत आला सुजून. आत पू झाला असेल तर परभणीला जावं लागेल. सांधा उघडून धुवावा लागेल. मग पाय वाकेलच असं नाही. पाणी बघितल्यावर कळेल."

घोडी, वझं, दोरीचे तीन वेढे. तिनं भिंतीला पाठ लावली. पुवाचा रंग कसा असतो ते मेंढपाळाच्या पोरीला वेगळं सांगावं लागत नाही.

सुई आत गेली. येडबानं डोळे मिटले, दात आवळले, पण हूं नाही की चूं नाही. नळी भरायला लागली.

पिवळं. पण स्वच्छ! उन्हात धरलेल्या एरंडाच्या तेलासारखं, पलीकडचं दिसेल असं. बाईंनी नळी खिडकीसमोर धरली, मागं छापील कागद धरला. बानूनं त्यातून अक्षरं वाचली. खरंच वाचता आली!

"पू नाही," बाई म्हणाल्या.

"आन् तार?" येडबानं डोळे उघडले. "तार निघते का बगा आधी!"

"तुम्हाला कुणी सांगितलं तार बघतात म्हणून?" बाई चकित झाल्या. त्यांनी सुईच्या टोकाशी एक थेंब सोडला. थेंब खाली निघाला आणि मागं तार राहिली. एक बोट. दीड बोट. मग तुटली.

"बकऱ्याच्या डाव्या पायाची दोन बोटांवर गेली व्हती," येडबा खट्टू झाला.

"सुजलेल्या गुडघ्याला दीड खूप झालं! मला वाटलं होतं निघायचीच नाही." बाईंनी नळी ताटलीत ठेवली. "हे बघा. या पाण्यात फार लांब रेणू असतात."

"रेणू म्हंजे बारीक कण, आबा," बानू मधेच.

"हो. पण हे कण गोल नाहीत, धाग्यासारखे लांब. एकमेकांत गुंतलेले. त्यांच्यामुळं हाडावरची गादी घासत नाही, घसरते. सूज आली की धागे तुटतात आणि पाणी साचतं. वंगण गेलं म्हणून गुडघा फुगला नाही, फुगला म्हणून वंगण पातळ झालं."

येडबानं मान हलवली. "आखूड लोकर. कातली तर सूत तुटतंय. लांब लोकर पायजे."

"अगदी तसंच!" बाई खूश झाल्या. "सूज उतरली की सांधाच नवे लांब धागे तयार करतो. थोडी गादी झिजली असेल तर ती पूर्वीसारखी होणार नाही, हे आत्ताच सांगते. उकिडवं बसायचं नाही, वझं घेऊन उड्या मारायच्या नाहीत. पण चालाल. एकवीस दिवस पूर्ण आराम, मग हळूहळू. दिवाळीपर्यंत चालाल तुम्ही."

बानू भिंतीपासून सुटली आणि टेबलापाशी आली.

"परदेशात तर," बाई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "हा पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात आणि शर्यतीच्या घोड्यांच्या गुडघ्यात सुईनं घालतात. मी वाचलंय. माणसांवरही प्रयोग चाललेत. आपल्याकडं येईल तेव्हा येईल."

"कोंबड्याच्या तुऱ्यातून?" येडबा उठून बसायला लागला. "खरं?"

"खरं. झोपा."

बाहेर बाकड्यावर लिंबाजी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. येडबानं दारातूनच हाक दिली. "लिंब्या! बकरं चुकलं रं आपलं. कोंबडा द्यायचा व्हता!"

लिंबाजीला काही कळलं नाही, पण दादा हसतोय एवढं कळलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हसू नको," येडबा म्हणाला. "एकवीस दिवस पाय हालवायचा न्हाई म्हनल्यात. एकवीस दिवस माजी मेंढरं तू राखायची. तुज्या वहिनीला माळावर उभी करू नको. लंगड्या बकऱ्याचा दंड हाय त्यो."

"राखतो दादा," लिंबाजी म्हणाला. "एकवीस का, महिना राखतो."

परतीच्या एसटीत गर्दी होती, पण पट्टी बघून एका बाईनं दोन माणसांची सीट रिकामी करून दिली. येडबाचा पाय मधल्या वाटेत आडवा. येणारा जाणारा प्रत्येक जण तो ओलांडून जाणार आणि प्रत्येकाला येडबा थांबवून सांगणार, "कोंबड्याच्या तुऱ्यात औशद असतंय, म्हाईत हाय का?" टोपलीत कोंबडा घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपलीवरचं फडकं गुपचूप घट्ट केलं. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, तिकिटापरीस तुमचीच बात जास्त चाललीय." सगळी गाडी हसली.

बानूही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. महिनाभर एक थेंब आला नव्हता. तिनं तोंड खिडकीकडं केलं.

येडबानं ते बघितलं. त्याला असलं काही बोलायची सवय नव्हती.

"तुज्या मायनं तुला घोडी लादायला शिकवलं, म्हाईत हाय मला," तो शेवटी म्हणाला, बाहेरच्या कपाशीकडं बघत. "मी बाजंवरून बगत व्हतो. काय बोलावं कळंना."

बानूनं ओढणीनं नाक पुसलं.

"दिवाळीनंतर आमी दोघं जातो. तू मागं ऱ्हा. भाकरी करून खाता येतीय न्हवं तुला?"

"येतीय."

"मंग झालं." मग जरा थांबून, "आन् परीक्षा कवा हाय ते नीट सांग. शिमग्याला मी मेंढरं घिऊन वापस येतो, त्याच्या आत का नंतर?"

"सात मार्चपासून," बानू म्हणाली.

येडबानं बोटांवर महिने मोजले, चुकला, परत मोजले. तेवढ्यात कंडक्टरनं वालूरची घंटी मारली आणि पाय वाटेतून काढायला चार माणसं एकदम उठली.